दोनशेला चार दिवस कमी

६ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. फोनवर माझं निम्मं वाक्य होतं न होतं तोच तुझा सल्ला सुरू होतो, म्हणून आज कागद घेतला. पूर्ण वाच, मग काय ओरडायचं ते ओरड.

तुला अजून वाटतं की लाँड्रीत मी इस्त्री करते. इस्त्रीवर मी पहिला महिनाभरच होते. गेले सहा महिने मी सॉर्टिंगच्या टेबलावर आहे. चार हॉस्पिटलांचे मळके कपडे गाठोडी बांधून येतात, ते पट्ट्यावर सरकत येतात आणि आम्ही सहाजणी वेगळे करतो. चादरी एका गाडीत, ऑपरेशनचे हिरवे डगले दुसरीत, टॉवेल तिसरीत. कपड्यांत काय सापडेल याचा नेम नाही. चमचे, चष्मे, एकदा अख्खी कवळी. आणि सुया. टोचून झालेल्या, उघड्या.

टेबलासमोरच्या भिंतीवर एक फळा आहे, 'अपघाताविना दिवस'. खालचा आकडा सुपरवायझर रोज सकाळी खडूने बदलतात. आज १७१ आहे. दोनशे झाले की सगळ्यांना एक भरपगारी सुट्टी आणि एकेक इस्त्री. दिवसभर वाफेत उकडून निघणाऱ्या बायकांना बक्षीस इस्त्री, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला एकदा बघायचंय मला. पण सुट्टी सगळ्यांना हवी आहे.

सोमवारी मावशीला सुई टोचली. मावशी म्हणजे आमच्यातली सर्वांत जुनी. सगळ्या तिला मावशीच म्हणतात. चादर ओढताना तिने हात झटकला, मोजा काढला. तर्जनीच्या पेरावर रक्ताचा थेंब होता. तिने बोट तोंडात घालून चोखलं आणि मोजा परत चढवला. मी बघितलं, आणि मी बघितलेलं तिने बघितलं.

"पिन असेल गं," म्हणाली.

पिन नव्हती. सुई मीच चिमट्याने उचलून टाकली. म्हटलं, "मावशी, सांगायला हवं."

"आणि फळा शून्यावर आणू? या वयात मला सगळ्यांचे टोमणे नकोत. तू काही बघितलं नाहीस."

मी गप्प बसले. चार दिवस झाले, रोज तिच्या बोटाकडेच बघते. तू मेट्रन आहेस, चार वॉर्डांच्या नर्सेस तुझ्या हाताखाली आहेत. एवढ्याशा टोचण्याने काही होतं का? "नाही" असं लिहिलंस तर फार बरं वाटेल.

तुझी
छोटी


११ फेब्रुवारी

छोटे,

"नाही" असं लिहिता येत नाही.

सुई टोचली की बोट चोखायचं नाही, दाबायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि त्याच तासात डॉक्टर गाठायचा. एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या सुरू करायच्या तर तीन दिवसांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. मावशीचे ते दिवस गेले. आता तिला रक्त तपासायला घेऊन जा. एक तपासणी लगेच, दुसरी सहा आठवड्यांनी, तिसरी तीन महिन्यांनी. काविळीची लस तिने घेतली आहे का, तेही विचार. तू घेतली आहेस का? नसशील तर उद्याच घे.

आता ओरडते. तू गप्प बसलीस याचा मला राग आलाय. लहानपणी तर तुझं तोंड बंद करायला आईला दार लावून घ्यावं लागायचं. ते तोंड कुठे गेलं? सुपरवायझरसमोर उभं राहायचं आणि झालं ते सांगायचं. बोलणाऱ्याला कुणी खात नाही.

माझ्याकडे बघ. माझ्या खोलीचं दार कायम उघडं असतं. मेट्रन झाल्यापासूनच्या नऊ वर्षांत सुयांबद्दल एकही तक्रार माझ्यापर्यंत आलेली नाही. शिस्त असली की तक्रारीला जागाच राहत नाही. तुमच्याकडे येतात त्या सुया कुठल्या तरी ढिसाळ वॉर्डातल्या असणार.

मावशीला घेऊन जा. मग लिही.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

मावशीला घेऊन गेले. "माझं रक्त तपासायचंय, सोबत चल," असं खोटं सांगून नेलं, आणि तिथे बसल्यावर खरं सांगितलं. ती चिडली, पण उठून गेली नाही. पहिली तपासणी ठीक आली. लस आम्ही दोघींनीही टोचून घेतली. आता तीन महिने ती रोज माझ्याकडे अशी बघणार, जणू सुई मीच टोचली.

तू म्हणालीस बोल, म्हणून बोलले. म्हणजे बोलायला गेले. सकाळी सुपरवायझर आकडा बदलत होते तेव्हा म्हटलं, "साहेब, जरा जाड मोजे मिळाले असते तर..."

ते वळले. खडू हातातच होता. "का? काही झालंय का?"

पट्टा चालू होता, पण टेबलावरचे सगळे हात थांबले होते. पाचजणी माझ्याकडे बघत होत्या.

"नाही साहेब. काही नाही."

"मग?"

मग काहीच नाही. मी खाली मान घालून टॉवेल वेगळे करायला लागले. ते वाईट गृहस्थ नाहीत गं. स्वतः मशीनवर काम करत वर आलेत, कुणाचं मूल आजारी असलं तर लवकर सोडतात. पण हातात खडू असला की त्यांना काही सांगवत नाही.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडकले आहे. नऊ वर्षांत एकही तक्रार नाही, असं तू लिहिलंस. आमच्याकडे १८४ दिवसांत एकही नाही. या दोन्हींत फरक काय, हे मला सांगशील? रागावू नकोस. खरंच कळत नाही म्हणून विचारते.

छोटी


२५ फेब्रुवारी

छोटे,

फरक असा, की ती लाँड्री आहे आणि हे हॉस्पिटल. इथे शिकलेल्या मुली आहेत आणि सोळा वर्षं हे काम केलेली मी आहे.

तरी तुझ्या समाधानासाठी परवाच्या मीटिंगमध्ये विचारलं, सुयांची कुणाला काही अडचण आहे का. सगळ्या म्हणाल्या, नाही मॅडम. झालं समाधान?

मोज्यांसाठी लेखी अर्ज दे. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं.

ताई


४ मार्च

ताई,

काल सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मला सुई टोचली. उजव्या तळहातात, अंगठ्याखाली. वेळ नक्की सांगते, कारण पहिल्यांदा माझी नजर घड्याळाकडे गेली आणि दुसऱ्यांदा फळ्याकडे. १९६.

तुला खोटं सांगत नाही, एक क्षण मीही मोजा परत चढवायचा विचार केला. चारच दिवस राहिले होते. मावशी माझ्याकडे बघत होती आणि तिने हळूच मान हलवली, नको म्हणून. ती मान हलताना बघितली आणि मी पट्टा थांबवायचं लाल बटण दाबलं. ते बटण मी आजवर दाबलंच नव्हतं. पट्टा थांबल्यावर इतकी शांतता होते, हे कालच कळलं.

हात साबणाने धुतला, तू लिहिलंस तसा, न दाबता. सुपरवायझर आले. त्यांना हात दाखवला. कुणीतरी मागून म्हणालं, "चार दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" जशी काही मी सुईला वेळ दिली होती.

ऑफिसात नेऊन त्यांनी फॉर्म काढला. जरा वेळ पेन नुसतंच धरून बसले. मग म्हणाले, "घरी काही शिवत होतीस का सकाळी? तसं लिहिलं तर तुझी तपासणीही होईल आणि बाकीच्यांचंही राहील."

मी म्हटलं, "साहेब, मला शिवता येत नाही. आमच्या घरी नवऱ्याच्या शर्टाची बटणं नवराच लावतो. खरं लिहा, नाहीतर फॉर्म इकडे द्या, मी लिहिते."

त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी लिहिला. जागा, वेळ, कुठल्या हॉस्पिटलचं गाठोडं, सगळं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं, पण लिहिलं. सव्वाबाराला डॉक्टरांपुढे होते, साडेबाराला पहिली गोळी घेतली. अठ्ठावीस दिवस घ्यायच्या आहेत.

परत आले तेव्हा फळ्यावर शून्य होतं. जेवताना माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. मावशीसुद्धा पाठ करून बसली. मला भीती वाटते आहे, ताई. रोगाची वाटते आणि उद्याच्या जेवणाच्या सुट्टीचीही वाटते. कुठली जास्त, ते सांगता येत नाही. पण फॉर्म मी लिहिला.

छोटी


१० मार्च

छोटे,

गेले तीन दिवस फोनवर मी नुसतं गोळ्यांचं बोलले. पोटभर खाऊन घे, चुकवू नकोस, मळमळलं तर लिंबू चोख. जे सांगायचं होतं ते फोनवर तोंडातून निघेना.

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाँड्रीची गाडी यायच्या आधी मी तळघरात गेले. जाड मोजे, एप्रन, चिमटा घेतला. माझ्या चार वॉर्डांची सहा गाठोडी सोडवली. कामगार म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला?" त्याला म्हटलं, तू बस. दोन तास लागले. तीन सुया निघाल्या आणि एक ब्लेड. माझ्या वॉर्डांतून, छोटे. ढिसाळ वॉर्ड तो माझाच.

आमचे कपडे दुसऱ्या लाँड्रीत जातात. म्हणजे तुला टोचली ती सुई माझी नव्हती. याचा आनंद मानायचा होता, तो मानता आला नाही. तिथेही कुणाची तरी छोटी असेलच.

मग मीटिंग घेतली नाही. एकेकीला बोलावलंही नाही, कारण माझ्या खोलीत आलं की सगळ्या सरळ उभ्या राहतात. मीच वॉर्डात जाऊन त्यांच्यासोबत गाद्यांवर चादरी घालायला लागले. तिसऱ्या पलंगापाशी आमच्यातली सर्वांत गप्प नर्स म्हणाली, "मॅडम, सुयांचा डबा दुपारपर्यंतच भरतो. मग गडबडीत सुई गादीच्या कडेला खोचली जाते, नंतर काढू म्हणून. नंतर चादर गुंडाळली जाते."

"मग जास्तीचा डबा का नाही मागितला?"

ती चादरीचा कोपरा दुमडत राहिली. खाली बघूनच म्हणाली, "मागितला होता. दोन वर्षांपूर्वी. तुम्ही म्हणालात, सुया टोचताय की शेतात पेरताय?"

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. सगळे हसले असणार तेव्हा, मीही हसले असेन. माझं बोलणं खुमासदार आहे, असं मला नेहमी वाटत आलं. त्या एका वाक्यानंतर दोन वर्षं कुणी डबा मागितला नाही, आणि मी त्याला शिस्त म्हणत होते.

"बोलणाऱ्याला कुणी खात नाही" असं मी तुला लिहिलं होतं. ते पत्र फाडून टाक.

फरक काय, असं तू विचारलं होतंस. काहीच नाही.

ताई


२३ मार्च

ताई,

पत्र फाडलं नाही. तू चुकलीस असं तुझ्याच अक्षरात माझ्याकडे पहिल्यांदाच आलंय, त्याची जोडी फोडायची नाही.

आज एकविसावी गोळी. सकाळी तोंड कडू होतं आणि अकरापर्यंत डोकं जड असतं, पण कामावर जाते. पहिला आठवडा फार वाईट गेला. माझा डबा कुणी शेअर केला नाही. एकीने तर तोंडावर सांगितलं, "त्या सुट्टीत मी माहेरी जाणार होते, तुझ्यामुळे राहिलं." मी म्हटलं, "माझ्यामुळे नाही, सुईमुळे." तिला पटलं नाही. अजूनही ती माझ्याशी बोलत नाही.

दहाव्या दिवशी मावशी माझ्या बाकावर येऊन बसली. तिचा डबा उघडून माझ्याकडे सरकवला. मग हळू आवाजात म्हणाली, "मला आतापर्यंत तीनदा टोचलीये." समोरच्या बाकावरची वळली, म्हणाली, "मला दोनदा." मग एकेक करत सगळ्याच बोलायला लागल्या. मी मोडक्या पेन्सिलीने डब्याच्या कागदी पिशवीवरच लिहून घेतलं. आम्हा सहाजणींत मिळून त्या १९६ दिवसांत सुई नऊ वेळा टोचली होती. नऊ, ताई. आणि आम्ही रोज तो आकडा वाढताना बघून खूश होत होतो.

गुरुवारी लाँड्रीच्या मालकीणबाई आल्या. सुपरवायझरनी मला एकटीला बोलावलं होतं. मी म्हटलं, "आम्ही सगळ्या येतो." पाच जणी गेलो. माहेरवाली आली नाही. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि नऊ वेळा काय झालं ते वाचून दाखवलं. 

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांना खरंच धक्का बसला होता. म्हणाल्या, "नऊ वेळा? आणि मला एकदाही कुणी सांगितलं नाही?"

मावशी म्हणाली, "बाई, न सांगण्याचं बक्षीस तुम्हीच लावलं होतं."

मालकीणबाई पिशवी जवळ ओढून परत वाचू लागल्या. मग सुपरवायझरनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मशीनवर होतो तेव्हा मलाही एकदा टोचली होती. मीही सांगितलं नव्हतं." ते हे त्यांच्या मालकिणीसमोर बोलले. मला त्यांचा आदर वाटला, जरी त्या फॉर्मचा राग अजून गेलेला नाही.

शनिवारी फळा काढला. जाड मोजे आले, लांब चिमटे आले. आणि एक वही ठेवली आहे. सुई सापडली की कुठल्या हॉस्पिटलच्या कुठल्या वॉर्डाची ते लिहायचं, आणि आठवड्याला ती यादी त्या त्या हॉस्पिटलला जाते. हे मी सुचवलं. मला हे तुझ्या तळघरातल्या दोन तासांवरून सुचलं.

इस्त्री मात्र मिळाली नाही.

छोटी


६ एप्रिल

छोटे,

अठ्ठावीस गोळ्या संपल्या, आता नीट जेव.

आता सुयांचे डबे पलंगांच्या प्रत्येक ओळीला एक आहेत. पहिल्या आठवड्यात सुयांच्या सात तक्रारी आल्या. वरून विचारणा झाली, "तुमच्याकडे अचानक बिघडलं काय?" मी सांगितलं, "बिघडलेलं आधीपासून होतं, आता ऐकू येतंय." वरच्या साहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी माझ्या नावापुढे काहीतरी लिहून घेतलं. घेऊ देत.

खरी गोष्ट सोमवारची आहे. राऊंडला मी स्वतः एका आजोबांना इंजेक्शन द्यायला उभी होते. सोबत दोन डॉक्टर, चार नर्सेस. सिरिंज हातात घेतली आणि ती गप्प नर्स म्हणाली, "मॅडम, थांबा. हे शेजारच्या पलंगाचं आहे."

सगळ्यांसमोर. माझे कान तापले. माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं, छोटे, आणि ते चांगलं खुमासदार होतं. ते गिळायला किती वेळ लागला, मोजला नाही. मग नाव वाचलं. तिचं बरोबर होतं.

मी म्हटलं, "बरं झालं थांबवलंस." मला वाटतं, सोळा वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. ती इतकी दचकली, जणू मी ओरडलेच. अजून पुष्कळ वेळा म्हणावं लागणार, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसेल. म्हणेन.

ताई


१० जून

ताई,

तिसरी तपासणी झाली. माझी ठीक आली, मावशीचीही. रिपोर्ट हातात आल्यावर मावशीने मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर मिठी मारली आणि लगेच रागावली, "आता परत खोटं सांगून कुठे नेऊ नकोस."

सगळं छान झालं असं मात्र समजू नकोस. एका हॉस्पिटलने आमची यादी न वाचताच परत पाठवली, वर लिहिलं की आमच्याकडून सुया जाणं शक्य नाही. मालकीणबाईंनी त्यांना कळवलं आहे की येत्या महिन्यात सुधारलं नाही तर गाठोडी घेणार नाही. बघू, शब्दाला जागतात का. माहेरवाली आता माझ्याशी बोलते, कामापुरतं.

काल टेबलावर एक नवीन बाई आली. चाळिशीची आहे, आधी शाळेत झाडलोट करायची. पहिल्याच दिवशी सुपरवायझरनी तिला सगळ्यात आधी लाल बटण दाखवलं. मी बघत होते. हातात खडू नसला की माणूस किती वेगळा दिसतो.

आज सकाळी तिने पट्टा थांबवला. आम्ही सगळ्या वाकून बघायला लागलो. सुपरवायझर धावत आले. "काय सापडलं?"

तिने चिमट्याने उचलून दाखवली. केसांची पिन होती. साधी, काळी.

ती लाल झाली. "साहेब, मला वाटलं..." एवढं म्हणून मान खाली घातली.  सुपरवायझरनी पिन हातात घेतली, बघितली, आणि म्हणाले, "ठीक आहे. वाटलं की थांबवायचं." आणि पट्टा सुरू केला. कुणी हसलं नाही. मावशीने नुसता स्वतःचा चिमटा तिच्या बाजूला सरकवला, कारण मावशीचा जरा लांब आहे.

आम्ही परत कामाला लागलो. मी मात्र तिच्याकडेच बघत होते, की आता ही काय करते.

अर्ध्या तासाने तिने पट्टा परत थांबवला.

तुझी
छोटी